आईचा तानपुरा आणि मल्लेश्वरमची खोली

या वेळी मी बेंगळुरूला गेलो तो आईच्या एका तक्रारीमुळे.

१९८८ साली बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी, वडिलांनी गायलेली एक कॅसेट आहे. एका बाजूला तुकोबांचे अभंग, दुसऱ्या बाजूला पुरंदरदासांची पदं. वडील गातात, आई मागे तानपुरा धरून बसलेली. वडील आता नाहीत. अक्काच्या मुलानं ती कॅसेट संगणकात उतरवली, खरखर काढली आणि फोनवर पाठवली. आवाज इतका स्वच्छ, की मला स्टाफरूममधून उठून बाहेर जावं लागलं. आईनं मात्र दोनदा ऐकलं आणि विचारलं, "आवाज ह्यांचाच आहे, होय की. पण माझा तानपुरा कुठं गेला?"

मी पुन्हा ऐकलं. तानपुरा खरोखरच नव्हता!

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी यशवंतपूरला उतरलो. तिथून मल्लेश्वरम जवळच. संपिगे रोडवर फुलवाल्या, कॉफीचा वास, आणि आत गेलं की झाडीत काडू मल्लेश्वराचं देऊळ. त्या देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे, त्यामुळे आपल्याकडची माणसं तिथं जरा जास्तच रेंगाळतात. मीही रेंगाळलो. भाच्याची खोली जवळच तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना फोम, खिडकीला जाड पडदा, टेबलावर संगणक आणि त्यापुढे नॉबच्या दोन पेट्या.

"मामा, इल्ली नोडी," म्हणत त्यानं पडद्यावर आलेख दाखवला. कॅसेटची खरखर वरच्या पट्टीत जास्त ऐकू येते. तानपुऱ्याची जवारी, तो दोरा सरकवून मिळवलेला झंकार, तोही बराचसा त्याच भागात. खरखर काढणाऱ्या प्लग-इनला दोन्ही सारखेच. दोन्ही सतत चाललेले, दोन्ही बारीक. म्हणून त्यानं आईला खरखर समजून पुसून टाकलं होतं.

"मग जरा कमी पूस की," मी म्हटलं. त्यानं मला पहिल्या पेटीवर बसवलं. नॉब हातात धरून हलकेच फिरवला मात्र, वडिलांचा आवाज एकदम पाण्यात बुडाल्यासारखा झाला. मी हात मागे घेतला.

भाचा हसला. ही पेटी साधी, स्वस्तातली. नॉबचं टोक ऐंशीवर होतं आणि सॉफ्टवेअरमधली किंमत तिसावर. मी हात लावताच सॉफ्टवेअरनं ऐंशीवर उडी मारली. नॉब फक्त आकडा पाठवतो, तिकडे काय चाललंय ते त्याला कुणी सांगत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये नॉब जुन्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत वाट पाहण्याची सोय असते, पण तोवर तुम्ही बहिऱ्यासारखे फिरवत राहता.

तानपुऱ्याची खुंटी तशी नसते. ती पिळली की तारच ताणली जाते. जुन्या रेडिओच्या बटणाचंही तसंच, बटण जिथं, आवाज तिथं. इथं हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, मधे निरोप्या. त्या निरोप्याचं नाव मिडी. १९८३ साली अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ आणि जपानच्या इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं तो बाहेर आला, वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून. त्याचा साधा निरोप ० ते १२७ एवढाच मोजतो. २० ते २०,००० हर्ट्झचा सगळा पल्ला त्या १२८ पायऱ्यांत सारखा वाटला, तर एक पायरी जवळजवळ अर्ध्या स्वराएवढी पडते. श्रुतींवर वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींना हे कसं पटावं! २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये पायऱ्या अतिशय बारीक झाल्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोयही आहे, पण भाच्याच्या टेबलावर अजून जुनंच सामान.

दुसरी पेटी त्यानं सेकंडहँड घेतलेली, बेहरिंगरची बीसीआर२०००. ३२ नॉब, प्रत्येकाभोवती बारीक दिव्यांचं कडं. हे नॉब गोलगोल फिरतच राहतात, त्यांना सुरुवात नाही, शेवट नाही. प्लग-इनमध्ये किंमत बदलली की सॉफ्टवेअर उलट निरोप धाडतं आणि कड्यातले दिवे तिथवर पेटतात. मोठ्या स्टुडिओतल्या काही टेबलांवर तर मोटर लावलेल्या पट्ट्या आपोआप वरखाली सरकतात, भूत बसल्यासारख्या. ते मी फक्त व्हिडिओत पाहिलंय.

नंतर भाच्यानं एक चांगलं केलं. पडदाच बंद केला. "बघायचं असेल तर दिव्यांकडे बघा. आलेख बघितला की कान झोपतात, मामा." मला ते पटलं, पहिल्या वेळी तोही आलेख बघूनच पुसत बसला होता.

अंधारात मी दोन नॉबवर दोन हात ठेवले. एकानं खरखर किती काढायची, दुसऱ्यानं कुठल्या पट्टीपासून वर काढायची. दिवे उतरत गेले तशी पावसासारखी खरखर परत आली, आणि तिच्यामागून आधी अगदी पुसट, मग स्पष्ट, तानपुरा. चार तारा. चौथीत शिकणारा मी त्याच खोलीत कुठेतरी झोपलो असणार. आणखी दोन दिवे उतरवले. भाचा म्हणाला, "खरखर फार राहील." राहू दे म्हटलं. अर्धा तास आमची त्यावर घासाघीस झाली, शेवटी एका दिव्यावर तडजोड.

रात्री शहापूरला फाईल पाठवली आणि फोन लावला. शेजारच्या मुलीनं आईच्या कानाला फोन धरला असावा, कारण बराच वेळ नुसतं गाणंच ऐकू येत होतं. पद संपलं. आई काही बोलेना. मी दोनदा हाक मारली.

"जोडीतली एक तार उतरलीय रे," ती म्हणाली. "आणि ह्यांनी तेव्हा मला सांगितलंसुद्धा नाही."