दाबा, धरा, सोडा

गाडी घरी आणली त्या दिवशी नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला, “ही चालते का?”

मी म्हटलं, “चालेल.”

मराठीत होकार आणि भविष्यकाळ यांना एकच शब्द पुरतो, म्हणून मी तेव्हा सुटले.

गाडी म्हणजे १९६६ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची, मूळची निळी, आता अर्धी निळी आणि अर्धी प्रायमरची करडी. मिशिगनमधल्या कँटन नावाच्या गावात आमचं घर आहे. तिथल्या ड्राइव्ह-वेवर ती ट्रेलरवरून उतरली, तेव्हा समोरचे म्हातारे गृहस्थ गवत कापायचं यंत्र बंद करून बघायला आले. त्यांच्याकडेही एकेकाळी मस्टँग होती म्हणे, आणि ती विकल्याचा पस्तावा अजून होता. नंतर कळलं की इथे प्रत्येक गल्लीत असा एक तरी माणूस असतो. त्यात नवल नाही. १९६६ या एका मॉडेल-वर्षात फोर्डनं सहा लाखांवर मस्टँग बनवल्या होत्या.

माझ्या गाडीचा नंबर ६एफ०७सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ घन इंचांचं व्ही-एट इंजिन, आपल्या हिशेबात सुमारे ४.७ लिटर. आणि एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. ते अक्षर वाचूनच मी गाडी घेतली, हे कबूल करते. डिअरबॉर्न आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. कऱ्हाडच्या हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी, तिच्या घरात डिअरबॉर्नची मस्टँग. फोटो टाकायला बरं दिसतं.

(शुद्धतावादी लोक मस्टँगला मसल कार म्हणू देत नाहीत. त्यांच्या मते मसल कार म्हणजे १९६४च्या पाँटिअॅक जीटीओसारखी, मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबलेली. मस्टँग ही ‘पोनी कार’, म्हणजे तट्टू. मी वाद घालत नाही. माझं तट्टू सुरू झालं की शेजारच्यांची खिडकी थरथरते.)

पहिले दोन हिवाळे गंजात गेले. मिशिगनमध्ये बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडी खालून खातं. मस्टँगला वरूनही दुखणं आहे. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते. तिच्या आतल्या पत्र्याची कड गंजली की पावसाचं पाणी थेट आतल्या माणसाच्या पायावर टपकतं. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून खाली पाहिलं की गॅरेजचं काँक्रीट दिसायचं. यूट्यूब बघत मिग वेल्डिंग शिकले. जुन्या फरशीचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलनं काढले, नवा पत्रा बसवला. पहिले वेल्ड इतके वाईट होते की नवऱ्यानं विचारलं, “कबूतर बसतं का इथे?”

माझा निश्चय एकच होता: गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच करायची. हल्ली ‘रेस्टोमॉड’ची हवा आहे, म्हणजे अंग जुनं आणि आत सगळं नवं. मला ते नको होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तोच कार्बोरेटर, कमरेचेच पट्टे. गंमत म्हणजे दिवसभर मी जे काम करते ते ब्रेकच्याच सॉफ्टवेअरच्या चाचणीचं. ऑफिसात एक सेन्सर बंद पडला तर काय होईल यावर आम्ही आठवडाभर मीटिंगा घेतो. घरी येऊन मी एकोणीसशे सहासष्टचे ब्रेक पॉलिश करत बसायचे. यात काही विसंगत आहे हे मला आबा येईपर्यंत सुचलंच नाही.

आबा एप्रिलमध्ये आले, सहा महिन्यांसाठी. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. इथे आलेल्या आईवडिलांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: चालायला जायचं, खिडकीतून बघायचं, भारतातल्या वेळेनं फोन करायचे. आबांनी चौथ्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं आणि मग ते तिथेच राहिले.

लहानपणी त्यांच्या गॅरेजात मला प्रवेश नव्हता. दादाला होता. ब्रेकची हवा काढायची असली की हाक यायची, दादा जाऊन पॅडलवर पाय ठेवायचा. मी डबा पोचवायचे आणि दारातून परत. आता गॅरेज माझं, पाने माझे. आबा आत येताना चपला दाराशी काढायला लागले, तेव्हा मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, “आबा, असू दे, पायात काहीतरी घुसेल.”

माझ्या पान्यांवर १/२, ९/१६ असे आकडे आहेत. माझा मेंदू मिलिमीटरमध्ये वाढलेला, मला दर वेळी अडखळायला व्हायचं. आबा जुन्या जीप दुरुस्त केलेले. ते म्हणाले, “ह्यो चार सुती. ह्यो साडेचार.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या अमेरिकन पेटीतले सगळे पाने त्यांनी दहा मिनिटांत मराठीत लावून टाकले.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनकडे फारसं बघितलं नाही. मास्टर सिलिंडरपाशी थांबले, त्यातून निघालेल्या नळीवरून बोट फिरवत खाली गेले.

“एकच लाईन?”

“हो. तेव्हा तशीच असायची.”

“चारी चाकास्नी मिळून एकच?”

“ओरिजिनल आहे आबा.”

“काढ.”

मग डिकी उघडली. या मस्टँगची पेट्रोलची टाकी वरून बसवलेली असते, टाकीची वरची बाजू हीच डिकीची जमीन. तिच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये नुसता पुठ्ठा. आबांनी टाकीवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांचा माझा मुलगा त्याच मागच्या सीटवर बसणार म्हणून महिनाभर नाचत होता.

आम्ही भांडलो. मी म्हटलं, एकदा बदलायला लागलं की ती गाडी ती राहत नाही. जाणकार बॉनेट उघडून आधी तेच बघतात. ते म्हणाले, जाणकार बघू देत, तुला थांबायचं हाय का न्हाई? मी म्हटलं, लाखो लोकांनी चालवल्या की अशाच. ते म्हणाले, “त्यातलं किती घरी पोचलं ते कुनी मोजलं?”

मोजलं होतं, खरं तर. राल्फ नेडरचं ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ १९६५मध्ये आलं. सप्टेंबर १९६६मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १९६७च्या मस्टँगला फोर्डनं दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर दिला, म्हणजे पुढची लाईन फुटली तरी मागचे ब्रेक राहतात. माझी गाडी त्या बदलाच्या एकच मॉडेल-वर्ष आधीची. हे सगळं मला पाठ होतं. आबांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता हे कार्बोरेटरही काढायला लावणार. तेव्हा मीच म्हटलं, हवं तर फ्युएल इंजेक्शन बसवू, किट मिळतं.

“कशापायी? कार्बोरेटरनं मानूस मरत न्हाई. फार तर रस्त्यात थांबतो.”

तो त्यांनी स्वैपाकघरातल्या ओट्यावर उघडला. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जेट फुंकून साफ केले, किट बदललं, फ्लोटची उंची स्टीलच्या पट्टीनं मोजली. मग इंजिन सुरू करून डोळे मिटून मिक्श्चरचे दोन स्क्रू फिरवत राहिले. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. मी व्हॅक्यूम गेज लावून बसले होते. त्यांचा हात थांबला तेव्हा काटाही थांबलेला होता.

तर अशी यादी ठरली. इंजिन, कार्बोरेटर, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड, रेडिओ, सगळं जुनं. पुढे डिस्क ब्रेक, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, सगळ्या नळ्या नव्या, तीन ठिकाणी अडकणारे पट्टे, डिकी आणि सीटच्या मध्ये पोलादी पत्रा. पत्रा मी वेल्ड केला. आबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. दादाला ती क्वचितच मिळायची.

यात ऑगस्ट गेला. १९९५पासून ऑगस्टमध्ये डेट्रॉईटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. दोन वर्षं मी त्या तारखेकडे बघून काम करत होते. त्या शनिवारी माझी गाडी चार घोड्यांवर उभी होती, चाकांशिवाय. मी आबांशी दोन दिवस धड बोलले नाही.

हवा काढायचं काम त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी केलं. याला दोन माणसं लागतात. एक पॅडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचा निपल सैल करतो. ऑईल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, पॅडल खाली जातं, निपल आवळायचा, मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. आबांच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही. त्यामुळे मी गाडीखाली आणि ते सीटवर. चाळीस वर्षांत ते पॅडलच्या बाजूला कधी बसलेच नव्हते.

“मागचं डावं आधी,” ते म्हणाले.

“आबा, इथे ड्रायव्हर डावीकडे आहे. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक मागचं उजवं.”

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, “बरोबर. चल.”

“दाबा.”

“दाबलं.”

“धरा.” मी निपल सैल केला. “सोडू नका. आवळते. आता सोडा.”

तिसऱ्या खेपेला मी ‘सोडा’ म्हटलं तरी पॅडल वर आलं नाही.

“आबा?”

“असंच ग्येलं आसंल त्येचं.”

“कुणाचं?”

“पॅडल. पायाखालनं असं खाली खाली.”

मला ते दिसत नव्हते. मला फक्त ड्रमची मागची पाटी दिसत होती. बहुधा म्हणूनच ते बोलू शकले. वडापची जीप होती, पाटणकडच्या एका माणसाची. मागच्या चाकाचा सिलिंडर गळत होता, आबांनी किट बदललं. पुढच्या चाकाची रबरी नळी तडकलेली दिसली. त्याला दाखवली. तो म्हणाला, सीझनचे पैसे आले की पुढच्या आठवड्यात करू. आबा बरं म्हणाले. त्यांनी किल्ली दिली. चौथ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना नळी फुटली, आणि लाईन एकच. त्यानं जीप डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून दरी टळली. पुढं बसलेली एक म्हातारी गेली. त्याचा पाय गेला.

“मला कुनीच काय म्हनलं न्हाई,” आबा म्हणाले. “पोलिसांनी सुदिक न्हाई. त्यो तर मला भेटला की नमस्कार करायचा.”

आमच्या कऱ्हाडच्या घरी देवघराशेजारी एक खिळा होता. त्याला परक्या गाड्यांच्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या. काम पूर्ण झाल्याशिवाय आबा किल्ली द्यायचे नाहीत, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. लोक त्यांना हेकट म्हणायचे. गिऱ्हाइकं तुटली, समोर दुसरं गॅरेज आलं, माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आईनं पाटल्या मोडल्या. या खिळ्यावरून आई किती भांडली असेल. मीही भांडले होते, अठरा वर्षांची असताना, फार वाईट शब्दांत. त्यांनी तेव्हाही हे सांगितलं नव्हतं.

“सोडा आबा,” मी म्हटलं.

पॅडल वर आलं. आम्ही उरलेली तीन चाकं केली. अंधार पडला होता, नवरा दोनदा जेवायला बोलावून गेला.

गाडी पहिल्यांदा चालवली ती रविवारी सकाळी, एका बंद दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. वीस मैलांच्या वेगावर ब्रेक, मग तीस, मग चाळीस. आबा शेजारी. मी पाय ठेवायच्या आधी त्यांचा पाय फरशीवर दाबलेला असायचा, मी नव्या टाकलेल्या त्याच फरशीवर. प्रत्येक वेळी थांबल्यावर उतरून चारही चाकं हातानं चाचपून बघायचे आणि म्हणायचे, “परत.”

ते ऑक्टोबरमध्ये गेले. विमानतळावरून आल्यावर मी गाडीची किल्ली शोधली, ती ड्रॉवरमध्ये नव्हती. आमचं देवघर म्हणजे पँट्रीतला एक कप्पा. त्याच्या शेजारी भिंतीला चिकटवायचा एक प्लॅस्टिकचा हूक लावलेला होता आणि किल्ली त्याला टांगलेली.

मी कऱ्हाडला व्हिडिओ कॉल केला. मुलगा मागे उभा, विचारत होता की आता तरी बसायचं का.

“आबा, किल्ली घेऊ का?”

“चाकं दाखव.”

मी फोन घेऊन गाडीखाली गेले. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं.

“थांब. नळीपाशी वल्लं दिसतंय.”

“पाऊस पडलाय आबा. काल बाहेर होती.”

“हात लाव.”

लावला.

“वास घे.”