खाण्याला वाटाड्या

वाटाड्या घ्यावा तो रान तुडवताना, गड चढताना, फार तर परक्या गावातली देवळं नि वाडे बघताना. खाण्याला वाटाड्या कशाला हवा? अंधारातसुद्धा घास नाकात जात नाही. ताट पुढं आलं की हात आपोआप चालू लागतो. आमच्या बाजूच्या कुणालाही विचारा, तो हेच म्हणेल.

आमच्या औंधाला बाहेरची माणसं पुष्कळ येतात. डोंगरावर यमाईचं दर्शन घेतात, मग 1938 साली भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय बघतात. तिथं माहीतगार माणूस सोबत असला तर बरं पडतं. हे रविवर्म्याचं चित्र, हे हेन्री मूरचं शिल्प, असं कुणी सांगितलं नाही तर नवखा माणूस त्यांच्यापुढून तसाच निघून जायचा. पण संग्रहालयातून बाहेर पडल्यावर हीच माणसं विचारतात, "जेवायला कुठं मिळेल हो?" तेव्हा आम्ही नुसतं बोट दाखवतो. एवढ्या कामाचे कुणी पैसे घेत नाही, आणि घेतले तर कुणी देणारही नाही.

माझ्या पत्नीची मावसबहीण आणि तिचे यजमान स्पेनला जाऊन आले, तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या घरात फार गाजली ती यामुळंच. सेव्हिल शहरात संध्याकाळी एका मुलीनं दहा-बारा परक्या माणसांना गोळा केलं आणि तीन तास गल्लीबोळांतून पायी हिंडवलं. पाच दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी उभ्याउभ्या एक-दोन घास, एक घोट, की पुढं. कुठं जैतुनाची फळं, कुठं मासा, कुठं बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. या छोट्या बश्यांना तिथं 'तापा' म्हणतात. तापा म्हणजे झाकण. पूर्वी पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा काप झाकत, त्यावरून हे नाव पडलं, अशी एक समजूत आहे.

सासूबाई सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि पैसे कुणी दिले?"

"आम्हीच की."

"अगोबाई! मग तो पाहुणचार कसला?"

सगळे हसले. पण मला वाटतं, या प्रश्नात बरंच काही होतं. पैसे मोजून कुणी आपल्याला दहा दारी नेऊन खाऊ घालत असेल, तर तो आपल्याला नेमकं काय देतो? वस्तू तर दुकानदाराची असते, भूक आपली. मग या मधल्या माणसाचं त्यात काय?

हे बघायला स्पेनपर्यंत जाण्याची माझी ऐपत नव्हती. कोल्हापूर मात्र जवळ होतं. माझा एक जुना विद्यार्थी, सातवीत कवितेच्या तासाला हटकून डुलक्या काढणारा, चार वर्षं पुण्यातल्या हॉटेलांत काढून कोल्हापुरास परतला आणि बाहेरगावच्या लोकांना संध्याकाळी शहरातून खात-पीत हिंडवण्याचा धंदा करू लागला. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर मी त्याला फोन केला. "या की सर, तुमच्याकडनं काय पैसे घ्यायचे?" म्हणाला. मी म्हटलं, पैसे घेणार असशील तरच येतो. फुकट आलो असतो तर सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कसं सापडणार?

औंधाहून पुसेसावळी, कऱ्हाड करीत दुपारी कोल्हापुरात उतरलो. संध्याकाळी खासबाग मैदानाशी आम्ही सात जण जमलो. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, बंगळूरात संगणकावर काम करणारे दोन तरुण, सोलापूरची एक कॉलेजातली मुलगी नि तिची आत्या, आणि मी. पुणेकरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तांबडा-पांढरा केव्हा?"

"तो उद्या दुपारी, तुमचा तुम्ही," आमचा वाटाड्या म्हणाला. "आजच्या फेरीत शेवटी दूध आहे. मटण आणि दूध एका पोटात नको. मिसळ म्हणाल तर ती सकाळची."

पण रश्शाबद्दल त्यानं सांगितलं मात्र रंगवून. मटण शिजवलेलं आळणी पाणी दोघांचं मूळ. त्यात नारळाचं दूध पडलं की पांढरा, आणि कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या कडेला वाढायची नव्हे, तर वर्षाची डब्यात भरून ठेवायची, हेही सोलापूरच्या आत्याबाईंना कळलं. मला मात्र पुन्हा स्पेन आठवला. 1493 साली कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला तो स्पेनला, आणि मिरचीची युरोपशी गाठ पडली ती त्याच सुमारास. पुढं पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. या परकी पाहुणीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपण मिरीवरूनच मिरची म्हटलं आणि तिला घरात घेतलं. आज तिच्यावाचून कोल्हापूर हा शब्दही उच्चारता येत नाही. सोयरीक जुळवताना जीभ कधी कधी माणसापेक्षा मोठ्या मनाची असते!

खासबागेत भेळ खाल्ली. इथली राजाभाऊंची भेळ नावाजलेली. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंचेचं आंबटगोड पाणी यांची गाठ अशी पडते की कागद संपेपर्यंत कुणी बोलत नाही. समोर कुस्तीचं मैदान. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले होते. तिथं रोमचा कलोसियम पाहून त्यांच्या मनात हे मैदान आलं, आणि 1912 साली ते उभं राहिलं. बंगळूरचे तरुण भेळेची छायाचित्रं घेत होते. भेळवाल्यानं त्यांच्याकडं बघून म्हटलं, "नुसतं बघालाय काय? खावा की!"

तिथून भवानी मंडपावरून आम्ही भाऊसिंगजी रस्त्याला लागलो. दुकानांचे दिवे लागले होते, रिक्षांची गर्दी होती. एके ठिकाणी आमचा वाटाड्या कडेला थांबला.

"इथं काय मिळतं?" पुणेकरांनी विचारलं.

"इथं आता काही मिळत नाही. याच रस्त्याला पूर्वी चहा मिळायचा."

आणि त्यानं गोष्ट सांगितली. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्या पदरचा नोकर, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून बरोबरीच्या चाकरांनी त्याला बेदम मारलं. महाराज परगावी होते. परतल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला भांडवल देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यानं याच रस्त्याला चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. चहा चांगला, भांडी लख्ख. पण गिऱ्हाईक पायरी चढेना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की आपली गाडी या हॉटेलापुढं उभी करीत आणि मोठ्यानं चहा मागवीत. स्वतः पीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजानं घेतलेला कप नाकारायची छाती कुणाला होणार?

संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम शाहू महाराजांनी 1919 साली काढले, हे मी वर्गात शिकवत आलो. पण हुकमानं विहीर उघडते, माणसाचा घसा उघडत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून त्या दारापर्यंत नेऊन, आधी आपण घोट घेऊन, "घ्या" म्हणावं लागतं. त्या गाडीत बसलेल्या मंडळींना तहान नव्हती, आणि चहा तर वाड्यावरही हवा तेवढा होता. महाराजांनी त्यांना हिंडवलं ते खाण्यापिण्यासाठी नव्हेच. महाराज 1922 साली गेले. पुढं तीनच वर्षांनी, 1925 साली, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं, ते याच गंगाराम कांबळ्यांच्या पुढाकारानं. एका कपाची एवढी फेड मी दुसरी ऐकलेली नाही.

शेजारच्या गाड्यावरून आमच्या वाटाड्यानं चहा मागवला. कुणी फारसं बोलत नव्हतं. मग पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "आमच्या वडिलांच्या गावी हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीला कोनाडा होता. त्यात दोन कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. चहा वरून ओतायचा, आणि प्यायल्यावर ज्याची त्यानं विसळून परत ठेवायची. मी लहानपणी बघितलंय." त्यांच्या पत्नी त्यांच्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे तुम्ही मला सांगितलं नाहीत." ते म्हणाले, "कुणी विचारलंच नाही." चहाचे पैसे त्यांनी कुणाला देऊ दिले नाहीत.

शेवटचा थांबा गंगावेशीचा दूधकट्टा. संध्याकाळी इथं म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. आखाड्यातला पैलवान, दुकान बंद करून निघालेला व्यापारी, हमाल, नातवाला घेऊन आलेली आजी, सगळे तसेच उभे. सोलापूरच्या मुलीच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी उमटली तेव्हा गवळीसुद्धा हसला. सेव्हिलमध्ये माणसं पेले घेऊन अशीच उभी असतील, फक्त तिथं म्हैस नसेल.

परतीच्या गाडीत सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. भेळ नि दूध माझं मला सापडलं असतं. भाऊसिंगजी रस्त्यावर मात्र मी एकटा असतो तर थांबलो नसतो, कारण तिथं खायला काही नव्हतं. वाटाड्याचे पैसे त्या थांब्याचे.

घरी आल्यावर मनात एक बेत घोळू लागला. आपल्याकडं दिवाळीत फराळाचं ताट शेजारी जातं, वर विणलेला रुमाल झाकून. हाही एक तापाच! पण ताटाची वाट ठरलेली असते. वर्षानुवर्षं त्याच आळीत, त्याच दारी. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या वर्गातल्या पोरांना म्हटलं, यंदा ताट हलणार नाही, आपण हलू. बावीस पोरं, आणि गावाच्या चारी बाजूंची सहा घरं. आदल्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन विचारून आलो. एका घरी चकली, एका घरी करंजी, असं वाटून दिलं. वाटाड्या मी.

पाचवं घर गावाच्या अगदी कडेला. मुलाची आई शेतमजुरी करणारी. आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा तिनं मुलाला आत पाठवलं आणि दारातच हळू आवाजात विचारलं होतं, "करते की सर, पण आमच्यात खातील का समदी पोरं?" मी म्हटलं, "बाई, मी पहिला खाणार."

ती वेळच आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिनं अंगणात सारवून घोंगडी अंथरली होती आणि परातभर शंकरपाळी मांडली होती. मी चपला काढीपर्यंत पोरं परातीला भिडली होती. परात रिकामी झाली तेव्हा एक पोरगी म्हणाली, "मावशी, अजून हायती का?" बाई लगबगीनं आत गेली. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि तिचा मुलगा सगळ्यांकडं बघत, छाती काढून, दारात उभा राहिला.