चाळीच्या गॅलरीतला भाजीपाला

घरी भाजी लावायची म्हटलं की आधी प्रश्न येतो जागेचा. आमच्या लालबागमध्ये मात्र जागेआधी ऊन बघावं लागतं.

पूर्वी चाळीसमोर गिरणीची बुटकी छपरं होती. सकाळपासून गॅलरीत ऊन यायचं आणि सासूबाईंच्या कुंड्यांत मिरच्या, वांगी भरपूर लागायची. १९८२ च्या संपानंतर परिसरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्या जागांवर टॉवर उभे राहिले. आता रोप वाढतं, पण फळ धरत नाही. "कशाला लावायचं आता?" असं म्हणून सासूबाईंनी कुंड्या उपड्या घातल्या.

यंदा फेब्रुवारीत आम्ही आधी ऊन मोजलं. रविवारी माझ्या मुलीने दर तासाला लादीवर खडूने उन्हाची कड आखली. हिशोब लागला तीन-साडेतीन तासांचा. मिरची, टोमॅटो, भेंडी यांना निदान सहा तास ऊन हवं. पालेभाजीचं मात्र तीन-चार तासांत भागतं. म्हणून बी निवडलं पालेभाजीचं.

मेथीचे दाणे स्वयंपाकघरातलेच. रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात. धणे आधी हलके रगडून दोन फाकी करायचे. ते आठ-दहा दिवस घेतात, तेव्हा कुंडी उकरून बघू नका! कोथिंबीर लवकर लावा, कारण उन्हाळा तापला की ती फुलावर येते. लाल माठाचं बी फार बारीक, ते कोरड्या वाळूत मिसळून वरवर पेरायचं. माठ उन्हाळाही सोसतो आणि महिन्याभरात काढायला येतो. पाणी मात्र झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने घाला, नाहीतर बी वाहून जातं.

आणि मिरची? लालबागच्या मसाला बाजारातून आणलेल्या, न भाजलेल्या सुक्या मिरचीचं बी आम्ही कपांत पेरलं. चार-सहा पानं आल्यावर रोपं माझ्या शाळेत नेली. तिथल्या दक्षिणेकडच्या खिडकीत दिवसभर ऊन असतं. पाण्याची पाळी मुलांनी वाटून घेतली आहे.

गॅलरीतली मेथी आता सासूबाईच खुडतात. संध्याकाळी मी घरात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माझ्या मिरच्यांना पाणी घातलं ना गं पोरांनी?"