पोती तेवढीच, उचल कमी

मंठाळहून कलबुर्गीला डाळ मिलमध्ये हिशेबाच्या कामाला लागलो. तूर घ्यायची, डाळ विकायची, वही लिहायची, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. मग बँकेला दर महिन्याला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट हातात आलं आणि डोकंच चालेना. गोदामात पोती गेल्या महिन्याइतकीच होती, तरी डीपी, म्हणजे बँकेतून उचलता येणारी रक्कम, घटली होती.

"तम्मा, पोती तीच, भाव तो नाही," म्हणत जुन्या हिशेबनीस काकांनी कागद ओढला. समजा, पैसे चुकते केलेला १ कोटीचा माल आहे. बँक पाव हिस्सा मालकाचा धरते. उचल ७५ लाख. भाव २० टक्के पडला की माल ८० लाखांचा आणि उचल ६० लाख. पूर्ण उचल झाली असेल तर १५ लाख परत भरायचे, तेही पडत्या भावात डाळ विकून. तुरीचे वायदे २००७ पासून बंद, त्यामुळे भाव आधी बांधून ठेवायचीही सोय नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण शेजारच्या मिलमध्येही तूरच होती आणि पलीकडच्या मिलमध्येही. एकत्र असण्याचे फायदे मी रोज पाहतो: माल दारात, मशीनचा कारागीर हाकेवर, आणि उधारी कोण थकवतो ही बातमी चहाबरोबर येते. इथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भाव पडला की सगळ्यांची उचल एकदम आटते आणि सगळे एकदम डाळ विकायला काढतात. भाव आणखी खाली. २०१६-१७ ला पीक इतकं आलं की बाजार क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. २०२२ च्या खरिपात उलट, मर रोगाने उभी तूर वाळली.

माहिती तर आम्ही सगळीकडे भरतो, पण हा एकत्र बुडण्याचा धोका त्यात कुठे दिसत नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने साठा मर्यादा आणली, तेव्हा पोर्टलवरही साठा जाहीर करावा लागला. जीएसटीचं मात्र मला फार वेळ उमगलं नाही. २५ किलोपर्यंतच्या लेबलबंद पाकिटाला ५ टक्के कर. मोठी पोती करमुक्त, आणि करमुक्त विक्री रिटर्नमध्ये एकगठ्ठा दाखवतात. गिऱ्हाइकं दहा की एकच, हे त्यातून कळत नाही. कर्ज देणाऱ्याने आधी हेच विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. एका गिरणीचा कागद कितीही स्वच्छ असला, तरी ती कोणाबरोबर बुडेल हे त्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून आता गिऱ्हाइकवार वही ठेवतो. त्यात मिलमालकांना विचारून एक रकाना वाढवलाय: भाव पाचव्या हिश्शाने पडला तर किती भरावे लागतील? नवी तूर यायला लागते तेव्हा बँकेचं लिमिट काठोकाठ वापरू नये, हे त्यांनी मान्य केलंय. थोडी हरभरा डाळही धरावी का, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.