धाग्याच्या बाजाराची हद्द

सिल्वासात पॉलिएस्टरच्या धाग्यावर टेक्श्चरायझिंग करणारे कारखाने इतके आहेत, की अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी लगेच म्हणेल: ही तर पूर्ण स्पर्धा! विकणारे पुष्कळ, माल एकसारखा, भाव बाजार ठरवेल तो. औद्योगिक अर्थशास्त्र शिकवताना मी याच उत्तरावर थांबतो, कारण माल एकसारखा नाही.

मोठ्या कंपन्यांकडून पीओवाय, म्हणजे अर्धवट ओढलेला धागा येतो. यंत्रावर तो तापवतात, ओढतात, पीळ देतात आणि लगेच पीळ सोडवतात. त्याने धागा फुगीर होतो. साधारण 250 डेनियरच्या पीओवायचा 150 डेनियरचा धागा होतो. (डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन.) हा माल सुरत, भिवंडी, मालेगावच्या मागांवर जातो. दोन कारखान्यांचे 150 डेनियर शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. बहुधा विणतानाही कळत नाही. कळतो तो रंगाईत. यंत्राचं तापमान किंवा ताण जरा वेगळा असला, की धागा रंग कमी-जास्त घेतो आणि कापडभर पट्टे उमटतात. पट्टे पडलेल्या थानाला कोण पुरा भाव देणार? म्हणून जाणता विणकर एका कापडात दोन मर्ज नंबर (एकसारखा रंग घेणाऱ्या धाग्याच्या लॉटची खूण) मिसळत नाही. माग एका लॉटवर चढला, की तो संपेपर्यंत विणकर त्या कारखान्याला बांधलेला. शिवाय धागा चमकदार की सेमी-डल, इंटरमिंगल (हवेच्या झोताने तंतू एकमेकांत गुंतवणं) किती, उधारी किती दिवसांची, हे फरक आहेतच.

एडवर्ड चेंबरलिन यांनी 1933 मध्ये हेच मांडलं: वेगळेपण असलेला माल विकणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःपुरती छोटी मक्तेदारी असते, आणि तिच्याभोवती जवळचे पर्याय दाटीने उभे असतात. त्याच वर्षी जोन रॉबिन्सन यांचं अपूर्ण स्पर्धेवरचं पुस्तक आलं. पुढच्या वर्षी अब्बा लर्नर यांनी या ताकदीचं माप दिलं. समजा, किलोमागे सीमांत खर्च 114 रुपये आणि भाव 120 रुपये. वरचे 6 रुपये म्हणजे भावाचा विसावा भाग. नफा जास्तीत जास्त करणाऱ्या कारखान्याने हा भाव निवडला असेल, तर याचा अर्थ असा, की भाव 1 टक्का वाढवला तर खप सुमारे 20 टक्के घटेल. टेक्श्चरायझरची ताकद एवढीशीच, आणि तीही लॉट संपेपर्यंतची. नवा लॉट घेताना विणकर पुन्हा मोकळा.

खरी ताकद टेक्श्चरायझरच्या वर बसली आहे. पीओवाय विकणारे मोजके. त्यांतली सर्वांत मोठी रिलायन्स सिल्वासात स्वतःही टेक्श्चरायझिंग करते. सिल्वासातच मोठे कारखाने असलेली आलोक इंडस्ट्रीज दिवाळखोरीत निघाली, तेव्हा रिलायन्स आणि जेएम फायनान्शियल एआरसी यांच्या ती ताब्यात घेण्याच्या योजनेला मार्च 2019 मध्ये कंपनी कायदा लवादाची मंजुरी मिळाली. म्हणजे लहान कारखानदाराला कच्चा माल ज्याच्याकडून घ्यायचा, तयार मालात स्पर्धाही त्याच्याशीच. पीओवाय महागला आणि तयार धाग्याचा भाव तसाच राहिला, तर मधल्या फटीत चेंगरतो तो लहान. कुणी असं मुद्दाम केलं, असा माझा आरोप नाही. पण ही शक्यता बाजाराच्या रचनेतच आहे, आणि तिची मला काळजी वाटते.

आता हद्दीचा प्रश्न. 2002 चा स्पर्धा कायदा म्हणतो, की गुणधर्म, किंमत आणि वापर पाहून ग्राहक ज्या वस्तू एकमेकींच्या जागी चालवून घेतो, त्यांचा एक बाजार. मार्च 2020 मध्ये स्पर्धा आयोगाने व्हिस्कोसच्या तंतूबाबत ही हद्द सूतगिरणीच्या नजरेने आखली. कापूस आणि पॉलिएस्टर असले तरी व्हिस्कोसचा बाजार वेगळा धरला, हा तंतू विकणाऱ्या ग्रासिमने गिरण्यांना भेदभावाने भाव लावल्याचं ठरवलं आणि 301.61 कोटी रुपयांचा दंड केला.

पीओवायचाही बाजार असाच वेगळा धरायला हवा, कारण टेक्श्चरायझरच्या यंत्राला त्यावाचून पर्याय नाही. पॉलिएस्टरचा सगळा धागा एकत्र मोजला, तर सिल्वासातल्या कारखान्यांची गर्दी दिसेल आणि वरचे मोजके विक्रेते त्या आकड्यात झाकले जातील. आयोगाने पीओवाय आणि तयार धागा यांच्या भावातला फरक महिन्यागणिक मागवावा, आणि कोणती कंपनी किती पीओवाय स्वतःच्या यंत्रांसाठी राखते, तेही विचारावं. लहान कारखानदार तक्रार घेऊन येईल म्हणून वाट पाहू नये. ज्याच्याकडून उद्याचा पीओवाय घ्यायचा, त्याच्याविरुद्ध तो बोलणं कठीण. कलम 19 प्रमाणे आयोगाला स्वतःहून चौकशी सुरू करता येते.