ताई, तुझी यादी भिंतीवर येऊ दे

प्रिय ताई,

काल फोनवर म्हणालीस, “काळजी करू नकोस गं, सगळं यादीत आहे.” पण ती यादी तुझ्या डायरीत, डायरी तुझ्या पर्समध्ये. आईच्या दवाखान्याचं नेमकं काय राहिलंय, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

बाबांच्या आजारपणात तुझ्या याद्यांनीच घर सावरलं होतं. उपाशीपोटीची गोळी, जेवणानंतरची, दवाखान्यात न्यायची फाइल, जुने एक्स-रे. एकही ओळ कधी चुकली नाही. अशा कामाला यादीच हवी. ज्यांचं मूळ घराणं यवतमाळकडच्या उटी गावचं, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी केली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. तू गावंडे वाचले नव्हतेस, तरी तेच करत होतीस.

पण आईच्या मेडिक्लेमचं काय? तुझ्या यादीत ती एकच ओळ आहे. डिस्चार्ज समरी मिळाली, बिलावर शिक्का राहिला, टीपीएने, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेने, आणखी एक रिपोर्ट मागितला, तो लॅबमध्ये पडून आहे. यातलं त्या ओळीत काही दिसतं का? काम झालेलं नाही म्हणून काट मारता येत नाही. मग रोज नव्या पानावर तीच ओळ उतरवतेस आणि रोज थोडी आणखी थकतेस.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यात कानबान पद्धत बसवली, ती अमेरिकन सुपरमार्केटच्या धर्तीवर. फळीवरून जेवढा माल उचलला जाईल, तेवढाच पुन्हा भरायचा. पुढच्या विभागाकडून कार्ड आलं नाही, तर मागच्याने नवं काही बनवायचं नाही. म्हणजे हातातलं काम साचू द्यायचं नाही. आमच्या ऑफिसात कामांच्या चिठ्ठ्या एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचा फळा आहे, तो त्याच विचारातून आलेला.

चिठ्ठ्या सरकवत बसायला तुला वेळ नाही, हे मान्य. दूध, भाजी, गोळ्या यांना फळा नकोच. पण चार जणांच्या हातांतून जाणारी आणि मध्येच अडणारी कामं भिंतीवर आण. फ्रिजशेजारी चार रकाने कर: करायचं, चालू, अडकलंय, झालं. प्रत्येक चिठ्ठीवर नाव, आणि ‘चालू’मध्ये एका माणसाच्या दोनच चिठ्ठ्या. हा दोनचा नियम तुझ्यासाठीच आहे, बरं का. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘अडकलंय’चा रकाना. तिथली निम्मी कामं फोनवर सुटणारी असतात आणि फोन मी पुण्यातूनही करू शकते.

एक बोलू? भावोजी “मी काय करू?” विचारतात, तेव्हा तू “असू दे” म्हणतेस. नंतर कुणी काही केलं नाही, हे मनात धरतेस. न दिसणारं काम ते उचलणार कसं? आणि तू एकटीने किती उचललंस, तेही आम्हाला कधी दिसलं नाही, ताई. ते दिसायला हवं होतं.

रविवारी मी येतेय, रंगीत चिठ्ठ्या घेऊन. फळ्याचा फोटो रोज रात्री आपल्या ग्रुपवर टाकत जा. मेडिक्लेमची चिठ्ठी माझ्या नावावर लिही आणि टीपीएचा नंबर आजच पाठव.

तुझी,
छोटी