मधुचंद्र अंदमानात

मधुचंद्र म्हटला की महाबळेश्वर, उटी, नैनिताल हीच नावे ओठांवर येतात. वाचकहो, तुमच्या घरची नवी जोडी प्रवासाला निघणार असेल, तर तिला अंदमानची वाट दाखवा. मात्र तेथे पाहुण्याच्या रीतीने वागावयास सांगा.

श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. तेथून वंडूर सुमारे तीस किलोमीटर. तेथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे ऋतुमानाप्रमाणे आळीपाळीने खुली असतात. एकावर पाहुणे, दुसऱ्याला विसावा. प्लॅस्टिकला तेथे मज्जाव आहे. हा जाच वाटेल; परंतु पोवळे म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत होय. २०१० साली समुद्र तापला आणि येथील पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. ती उष्णता आवरणे नवदांपत्याच्या हाती नाही. पोवळ्यावर पडणारे पाऊल मात्र आवरता येते.

उत्तरेस सॅडल पीक हे ७३० मीटरांहून उंच शिखर सदाहरित अरण्याने वेढलेले आहे. जवळच्या कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात, रात्री, कासवी अंडी घालावयास येतात. उजेडाने त्या बिचकतात. म्हणून वनरक्षक सांगेल तेथे, विजेरी मालवून, दोघांनी गप्प बसावे. वाळू उकरणे, अंडी घालणे, ती झाकणे, मग समुद्राकडे परतणे. कासवीला कसलीच घाई नसते.